शिपाई राजाचा, सही मॅजिस्ट्रेटची: अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधली सैन्यभरती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मराठे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या वडगावच्या लढाईचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "कंपनीच्या फौजेतले ते गोरे शिपाई यायचे तरी कुठून?" बोटीवर चढण्याआधी ते काय करत होते, त्यांना कुणी धरलं, की ते आपणहून आले? या प्रश्नांचा माग काढत गेलं की आपण लंडनच्या युद्धखात्यात पोचत नाही. आपण पोचतो एखाद्या खेड्यातल्या जमीनदाराच्या दिवाणखान्यात. तिथे तो जमीनदार मॅजिस्ट्रेट म्हणून बसलेला असतो, आणि समोर एक पोरगा टोपी हातात घेऊन उभा असतो. पुढचे प्रश्न त्या दिवाणखान्याबद्दलचे आहेत.

हे मॅजिस्ट्रेट म्हणजे सरकारी नोकर होते का?

नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. मॅजिस्ट्रेट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पगारी, बदली होणारा, सरकारी गाडीतून फिरणारा अधिकारी येतो. तेव्हाचा 'जस्टिस ऑफ द पीस' बिनपगारी होता. हे पद चौदाव्या शतकापासून, १३६१ च्या कायद्यापासून चालत आलेलं. अठराव्या शतकात ते मिळायचं जमीनजुमला असणाऱ्याला. १७३२ च्या कायद्याने अट घातली होती, की जमिनीचं वार्षिक उत्पन्न किमान १०० पौंड हवं. म्हणजे गावचा जमीनदार, कधी चर्चचा पाद्री, मोठ्या शहरात नगरपालिकेचा आल्डरमन, म्हणजे वरिष्ठ नगरसेवक.

कामं मात्र ढीगभर. चोरीमारी, दारूच्या दुकानांचे परवाने, गरिबांसाठीच्या कराची तपासणी, रस्ते, पूल, अनौरस मुलांच्या बापांचा शोध. किरकोळ गोष्टी तो घरीच निकालात काढायचा. मोठ्या गोष्टींसाठी काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, सगळे मॅजिस्ट्रेट वर्षातून चारदा एकत्र बसायचे. यादीत नाव असलेले पुष्कळ जण कधी शपथ घेऊन कामाला लागतच नसत, त्यामुळे भार पडायचा तो थोड्या उत्साही मंडळींवर.

हेच पद पुढे मुंबईतही आलं. 'जे.पी.' ही अक्षरं नावापुढे लावणारी माणसं जुन्या मुंबईकरांना आठवत असतील. एकोणिसाव्या शतकात नाना शंकरशेट यांना मिळालेला मान तो हाच.

पण फौज राजाची. तिच्या भरतीत गावच्या जमीनदाराचं काय काम?

दोन कारणं. पहिलं म्हणजे जिल्ह्यात सरकारचा स्वतःचा माणूसच नव्हता. अबकारी आणि जकातीचे लोक होते, पण कायदा अंमलात आणणारा असा मॅजिस्ट्रेट आणि त्याच्या हाताखालचा गावचा कॉन्स्टेबल, एवढीच काय ती यंत्रणा. लंडनमधून हुकूम सुटला तरी गावात तो वाचून दाखवणारा, माणूस पकडून आणणारा, कागदावर सही करणारा हाच.

दुसरं कारण भीतीचं. सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढलेल्या क्रॉमवेलची फौज आणि नंतर राजा दुसऱ्या जेम्सची फौज पाहिल्यावर इंग्रज जमीनदारांनी कायमच्या फौजेचा धसकाच घेतला होता. म्हणून १६८९ पासून 'म्यूटिनी अॅक्ट' नावाचा कायदा संसद एका वेळी थोड्याच मुदतीसाठी, साधारण दरवर्षी नव्याने, मंजूर करायची. फौजेतली शिस्त त्या कायद्यावर उभी होती. त्यातच लिहिलेलं होतं, की भरती झालेल्या माणसाला बिगरलष्करी मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं पाहिजे. माणूस नागरिकाचा शिपाई होतो तो क्षण लष्कराच्या हातात द्यायचा नाही, असा त्यामागचा विचार.

मग भरती प्रत्यक्षात व्हायची कशी?

एक जत्रेचा दिवस डोळ्यासमोर आणा. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत वर्षातून एकदा सालगडी ठेवण्याची जत्रा भरायची. तरुण पोरं नवा मालक शोधायला तिथे जमायची. खिशात सालाचा हिशेब चुकता झालेले पैसे, अंगात जोर, आणि पुढच्या सालाचं अजून काही ठरलेलं नाही. भरती पथकाला याहून चांगला बाजार कुठे मिळणार?

पथक म्हणजे एक अधिकारी, एक-दोन सार्जंट आणि ताशेवाला. ताशा वाजवून माणसं गोळा करण्याचा लेखी हुकूम अधिकाऱ्याकडे असायचा, आणि गावात आल्यावर तो मेयरला किंवा मॅजिस्ट्रेटला दाखवण्याची रीत होती. टोप्यांना रंगीत फिती लावायच्या, दारूच्या गुत्त्यात मुक्काम टाकायचा, बिअर पाजायची, पराक्रमाच्या गोष्टी सांगायच्या. पोरगा 'हो' म्हणाला की सार्जंट त्याच्या तळहातावर एक शिलिंग ठेवायचा. हाच तो 'राजाचा शिलिंग'. आपल्याकडे सौदा पक्का करायला विसार देतात, तसाच हा विसार.

हा शिलिंग घेतला की माणूस शिपाई झाला, असं पुष्कळांना वाटतं. कायद्याने तसं नव्हतं. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळात नियम असा होता: शिलिंग घेतल्यापासून निदान २४ तास जाऊ द्यायचे, आणि चार दिवसांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं. २४ तास कशासाठी, तर दारू उतरावी म्हणून. कायद्यात हे कारण इतक्या उघड शब्दांत नाही, पण दुसरं काय असणार?

मॅजिस्ट्रेटसमोर पोरग्याला विचारलं जायचं, की स्वखुशीने आलास का? हो म्हणाला तर लष्करी कायद्यातली बंड आणि पळून जाणं याबद्दलची कलमं त्याला वाचून दाखवायची, म्हणजे नंतर 'मला ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय राहू नये. मग शपथ. मी प्रोटेस्टंट आहे, माझा धंदा अमुक, माझा जन्म अमुक पॅरिशमधला (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव, तिथल्या गरिबांना पोसायची जबाबदारी त्याचीच), मला हर्निया नाही, फेफरं येत नाही, मी लंगडा नाही, माझे हातपाय धड आहेत आणि मी स्वखुशीने भरती झालो आहे. खाली त्याची सही, बहुधा फुलीच. त्याच्याखाली मॅजिस्ट्रेटची सही. काम दहा मिनिटांचं, पण या फुलीनंतर पळून गेला तर कोर्टमार्शल.

एवढ्यात मन बदललं तर?

तर मॅजिस्ट्रेटसमोर 'नाही' म्हणायचा हक्क होता. मात्र घेतलेले पैसे परत करायचे आणि वर २० शिलिंग भरायचे, तेही २४ तासांत. सैनिकांच्या बोलीत या रकमेला 'चटक्याचे पैसे' अशा अर्थाचं नाव पडलं होतं.

आता हिशेब करा. शेतमजुराची रोजची कमाई साधारण एक शिलिंग, तीही काम असेल त्या दिवशी. २० शिलिंग म्हणजे एक पौंड, म्हणजे तीन-साडेतीन आठवड्यांची मजुरी. आदल्या रात्री भरतीच्या पैशांतून सगळ्या गुत्त्याला दारू पाजून बसलेल्या पोराने हे आणायचे कुठून? बाप किंवा मालक धावून आला तर सुटका. नाहीतर हक्क कागदावर. मला या साऱ्या व्यवस्थेतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. दार उघडं ठेवलेलं, पण उंबऱ्यावर टोलनाका.

बिअरच्या प्याल्यात गुपचूप शिलिंग टाकून माणसं पकडायचे, हे खरं का?

इंग्लंडमधल्या बऱ्याच गुत्त्यांत ही गोष्ट सांगतात, आणि काचेच्या तळाचा कथिलाचा प्याला दाखवून म्हणतात, की आत नाणं आहे का ते खालून बघता यावं म्हणून हा तळ. गोष्ट रंगतदार आहे, पण कायद्याच्या चौकटीत बसत नाही. फौजेसाठी मॅजिस्ट्रेटसमोरची शपथ लागायची, प्याल्यातलं नाणं पुरायचं नाही. आणि नौदलाच्या सक्तीच्या टोळ्यांना असल्या युक्तीची गरजच नव्हती, कारण त्यांना खलाशी सरळ उचलायचा अधिकार होता. फसवणूक व्हायची ती दारूची, खोट्या आश्वासनांची आणि उधारीची.

म्हणजे भरती कायम ऐच्छिकच होती?

नाही. युद्ध पेटलं आणि ताशाला माणसं येईनाशी झाली, की संसद मॅजिस्ट्रेटच्या हातात दुसरंच हत्यार द्यायची. स्पेनच्या गादीवरून युरोपात युद्ध चालू असताना १७०४ पासून काही वर्षं असे कायदे झाले. सात वर्षांच्या युद्धात १७५६ आणि १७५७ मध्ये पुन्हा झाले. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात १७७८ आणि १७७९ मध्ये परत.

मजकुराचा गाभा प्रत्येक वेळी सारखाच. ज्याला कायदेशीर कामधंदा नाही आणि पोट भरण्याचं उघड साधन नाही, असा धडधाकट माणूस कॉन्स्टेबलने पकडून आणावा. मॅजिस्ट्रेट, आणि पुढच्या कायद्यांत त्यांच्या जोडीला जमीनमहसुलाचे कमिशनर, यांनी त्याला पाहावं, आणि योग्य वाटलं तर लष्कराच्या अधिकाऱ्याच्या हवाली करावं. उंची पाच फूट चार इंचांच्या खाली नको. मतदानाचा हक्क असलेल्याला हात लावायचा नाही. ही शेवटची अट नीट बघा. ज्यांच्या मतांवर संसद निवडून यायची त्यांना सवलत, बाकीच्यांना बंदूक.

१७७९ च्या कायद्याने जाळं आणखी पसरलं. सुधारायला तयार नसलेले भटके, शिक्षा झालेले चोरटे व्यापारी, बायकापोरांना टाकून गेलेले नवरे असे सगळेच त्यात आले. आणि शांततेच्या काळातही १७४४ चा भटक्यांविषयीचा कायदा होताच. वारंवार पकडला गेलेला भटका पुरुष असेल आणि बारा वर्षांच्या वर असेल, तर काउंटीच्या बैठकीत मॅजिस्ट्रेट त्याला फौजेत किंवा आरमारात धाडू शकत. बारा वर्षांच्या वर!

पण 'उघड साधन नाही' हे ठरवायचं कुणी?

मॅजिस्ट्रेटनेच, आणि खरी गोम इथेच आहे.

हा माणूस एकाच वेळी किती टोप्या घालत होता ते पाहा. तो जमीनदार, म्हणून त्याला सुगीच्या दिवसांत मजूर हवे. तो गरीब-कराचा हिशेब तपासणारा, म्हणून त्याला पॅरिशवर पोसली जाणारी तोंडं नकोत. तो शिकारीच्या जंगलाचा मालक, म्हणून चोरून ससे मारणारा त्याच्या डोळ्यांत सलायचा. आणि हाच आता ठरवणार, की समोरचा पोरगा उद्योगी की निरुद्योगी.

त्यामुळे कायदा एकच असला तरी त्याची धार गावागणिक वेगळी. एका ठिकाणी मॅजिस्ट्रेट भरतीकडे काणाडोळा करायचा, कारण गहू शेतात उभा असताना हात गमावणं त्याला परवडणारं नव्हतं. शेजारच्या पॅरिशमध्ये मात्र तेवढ्याच हिरिरीने माणसं पाठवली जायची. तिथे कुणाची पोरगी गरोदर राहिलेली, बाप कोण ते कळलेलं, लग्नाची तयारी नाही आणि मूल पॅरिशला पोसावं लागणार, अशी काही भानगड असायची. गावातली किती ब्यादं फौजेच्या नावाखाली बाहेर काढली गेली याची मोजदाद अवघड आहे. कर्नलांच्या तक्रारींचा सूर मात्र ओळखीचा असतो: आम्ही सैनिक मागितले, काउंट्यांनी आम्हाला त्यांचा कचरा दिला.

आणि तरी याच कायद्यांचा एक उपयोग सैन्याला झालाच. सक्तीने धरून नेतील या धास्तीने पुष्कळ जण आधीच ताशाकडे वळले. १७७८ च्या कायद्यात आपणहून येणाऱ्याला तीन पौंड बक्षीस होतं. धरला गेलो तर ते नाही. मग निवड कसली उरते?

लोक टाळायचे कसे?

रात्री दुसऱ्या काउंटीत पळून जायचं. मालकाकडून 'हा माझा गडी आहे' असं लिहून घ्यायचं. घाईघाईने लग्न करायचं. आणि १७७९ च्या सक्तीच्या वेळी काहींनी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तोडून घेतली, म्हणजे बंदुकीचा चाप ओढता येऊ नये. तो कायदा १७८० मध्ये मागे घेण्यात आला, आणि फौजेसाठी तशी सक्ती त्या शतकात पुन्हा झाली नाही.

अन्यायाने धरलेल्याला वरच्या कोर्टात दाद मागता यायची का?

कागदावर हेबिअस कॉर्पस होतं, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टासमोर आणायला लावण्याचा हक्क, पण ते मुख्यतः गुन्ह्यासाठी कोठडीत टाकलेल्यांच्या उपयोगाचं. सात वर्षांच्या युद्धात चुकीच्या माणसाला धरल्याचं प्रकरण गाजलं, आणि १७५८ मध्ये हा हक्क रुंद करण्याचं विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, मंजूरही झालं. वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, ते फेटाळलं. गरिबाच्या दृष्टीने लंडनचं कोर्ट तसंही फार लांब होतं.

मिलिशिया म्हणजे काय? ती फौजेपेक्षा वेगळी का?

मिलिशिया म्हणजे काउंटीची राखीव पलटण. देशाच्या रक्षणासाठी, देशातच राहणारी. १७५७ च्या कायद्याने तिची नव्याने घडी बसवली. एकूण सुमारे ३२,००० माणसं, प्रत्येक काउंटीला ठरलेला वाटा. डेव्हनला १,६००, तर चिमुकल्या रटलंडला १२०. कॉन्स्टेबलने घरोघर फिरून १८ ते ५० वयाच्या पुरुषांची यादी करायची, ती चर्चच्या दारावर लावायची, हरकती ऐकायच्या आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्यांच्या बैठकीला काउंटीचे डेप्युटी लेफ्टनंट (मिलिशियाचं काम पाहणारे मानाचे अधिकारी) आणि मॅजिस्ट्रेट बसत. बहुतेक वेळा ही तीच माणसं, खुर्ची तेवढी बदललेली.

नाव निघालं तर तीन वर्षं चाकरी. नको असेल तर बदली माणूस द्या, नाहीतर दहा पौंड दंड भरा. दहा पौंड म्हणजे मजुराची अर्ध्या वर्षाहून जास्त कमाई. म्हणून गावोगाव भिशीसारखी मंडळं निघाली. चिठ्ठ्यांच्या आधी प्रत्येकाने काही शिलिंग टाकायचे, आणि ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी त्या पैशांतून बदली माणूस विकत घ्यायचा. लोकांनी सक्तीवर काढलेला हा विमा मला त्या शतकातली एक अस्सल हुशारी वाटते.

मग १७६१ मध्ये हेक्सम गावात चिठ्ठ्यांच्या दिवशी गोळीबार का झाला?

कारण लोकांचा यादीवर विश्वास नव्हता. आधी देशाबाहेर पाठवणार नाही असं सांगून घेतलेल्या माणसांना नंतर जहाजात घातल्याची आठवण ताजी होती. मिलिशियाचं नाव सांगून उद्या आपल्याला जर्मनीत किंवा अमेरिकेत धाडतील, असं सर्रास बोललं जात होतं. त्यात धान्य महाग. आणि श्रीमंताला दहा पौंड म्हणजे किरकोळ, गरिबाला घरदार, हे न कळायला लोक काही खुळे नव्हते. १७५७ च्या उन्हाळ्यात आणि शरदात यॉर्कशर, लिंकनशर, बेडफर्डशर अशा काउंट्यांत जमाव मॅजिस्ट्रेटच्या वाड्यांवर गेले, याद्या हिसकावल्या आणि जाळल्या. राग राजावर नव्हता, यादीवर होता. म्हणून तर काठ्या घेऊन लोक लंडनला न जाता जमीनदाराच्या फाटकाशी गेले.

हेक्सम हे नॉर्थम्बरलँडमधलं बाजाराचं गाव. ९ मार्च १७६१, सोमवार. चिठ्ठ्या टाकायला मॅजिस्ट्रेट मंडळी जमली होती, बंदोबस्ताला नॉर्थ यॉर्कशर मिलिशिया होती. आजूबाजूच्या खाणींतले आणि शेतांतले हजारो लोक चौकात लोटले. 'रायट अॅक्ट' वाचून दाखवला गेला. हा कायदा बारा किंवा जास्त जणांच्या जमावाला पांगायला एक तास द्यायचा. जमाव सैनिकांच्या संगिनींना भिडला, धक्काबुक्की झाली, गोळी सुटली. मृतांचा आकडा पन्नासच्या आसपास सांगितला जातो. मिलिशियाच्या चिठ्ठीला विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडणारे शिपाईही मिलिशियाचेच होते. नंतर पीटर पॅटरसन नावाच्या म्हाताऱ्याला राजद्रोहाच्या आरोपावरून त्याच वर्षी फाशी दिली गेली.

नौदलाच्या 'प्रेस गँग'शी, म्हणजे सक्तीने खलाशी उचलणाऱ्या टोळीशी, मॅजिस्ट्रेटचा काय संबंध?

तिथे उलटं चित्र दिसतं. खलाशी धरायचा अधिकार नौदलाच्या वॉरंटमधून यायचा, मॅजिस्ट्रेटकडून नव्हे. पण शहरात किंवा काउंटीत ते वॉरंट चालवायचं तर मॅजिस्ट्रेटने पाठीमागे सही करायची, म्हणजे कॉन्स्टेबल मदतीला येणार. त्या सहीतच नाही म्हणायची ताकद होती. १७७० मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर ब्रास क्रॉस्बी यांनी शहरात अशा वॉरंटवर सही करायला साफ नकार दिला. त्याच सुमारास सरकारविरोधी राजकारणी जॉन विल्क्स आल्डरमन म्हणून बसलेले असताना धरून आणलेली माणसं सोडून देत. बंदरांच्या गावांतले व्यापारी-मॅजिस्ट्रेटही टोळ्यांना आडवे जात, कारण खलाशी उचलले की त्यांचीच जहाजं धक्क्याला पडून राहत.

एक आंधळा मॅजिस्ट्रेट मुलांना आरमारात पाठवायचा म्हणे?

हो, सर जॉन फील्डिंग. लंडनच्या बो स्ट्रीट कचेरीचे प्रमुख, तरुणपणीच दृष्टी गेलेली. १७५६ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा रस्त्यावर राहणाऱ्या, चोऱ्या करताना सापडलेल्या मुलांना कपडे देऊन जहाजांवर नोकर म्हणून पाठवायचं काम त्यांनी हाती घेतलं. त्याच वर्षी जोनस हॅन्वे या व्यापाऱ्याने मरीन सोसायटी काढली, आणि पुढे ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली. १७६३ पर्यंत सोसायटीने दहा हजारांहून जास्त मुलं आणि पुरुष आरमाराला दिले. कपडे देण्यामागे दयाच नव्हती. जुन्या चिंध्यांतून जहाजावर टायफस जायचा, आणि तोफेच्या गोळ्यांपेक्षा तो ताप जास्त खलाशी मारायचा.

याला पुण्यकर्म म्हणायचं की साफसफाई? त्या काळच्या लोकांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. त्यांच्या लेखी दोन्ही एकच होतं.

१७९५ च्या 'कोटा' कायद्यांत काय होतं?

फ्रान्सशी युद्ध, आरमाराला माणसं कमी. तेव्हा प्रत्येक काउंटीला आणि बंदराला आकडा ठरवून दिला: यॉर्कशर १,०८१, रटलंड २३, लंडन ५,७०४. मॅजिस्ट्रेटांनी तो पॅरिशमध्ये वाटायचा, आणि पॅरिशने कर बसवून बक्षीस देऊन माणूस आणायचा. बक्षिसाच्या रकमा चढत काही ठिकाणी ७० पौंडांपर्यंत गेल्या. जुने खलाशी जळफळले, कारण नांगर न पाहिलेल्या माणसाला त्यांच्या कित्येक वर्षांच्या पगाराएवढे पैसे मिळत होते. याच वाटेने रिचर्ड पार्कर स्कॉटलंडमधल्या कर्जदारांच्या तुरुंगातून आरमारात आला. १७९७ मध्ये नोर इथल्या खलाशांच्या बंडाचं नेतृत्व त्याने केलं आणि त्याला फाशी झाली.

भरती झाल्यावर मॅजिस्ट्रेटचं काम संपायचं?

संपतंय कसलं. पलटण गावात आली की शिपायांना गुत्त्यांत आणि खानावळींत उतरवण्याचं काम त्याचं, आणि त्या गुत्त्यांचे परवानेही त्याच्याच हातात. सामानासाठी शेतकऱ्यांच्या गाड्या वेठीला धरायच्या तर वॉरंट त्याचं. पळून आलेला शिपाई कॉन्स्टेबलने पकडला की त्याला तुरुंगात टाकून युद्धखात्याला कळवायचं कामही त्याचं. खबऱ्याला २० शिलिंग मिळायचे. म्हणजे पोरग्याने मन बदललं तर जेवढा दंड, तेवढंच त्याला पकडून देणाऱ्याला इनाम.

मिलिशियात गेलेल्याच्या बायकापोरांना पॅरिशने आठवड्याला भत्ता द्यायचा, तोही त्याच्या हुकमाने. आणि युद्ध संपून हजारो शिपाई पायी घरी निघाले, की त्यांच्या हातात मॅजिस्ट्रेटची सही असलेला दाखला लागायचा. तो नसेल तर तो शिपाई कायद्याने भटका, आणि भटक्याला फटके. तीच सही, वीस वर्षांनी पुन्हा.

कंपनीचे शिपाई याच वाटेने मुंबईला यायचे का?

हाच मूळ प्रश्न होता, आणि उत्तर अर्धं हो, अर्धं नाही. ईस्ट इंडिया कंपनी खासगी संस्था. राजासारखा ताशा वाजवायचा अधिकार तिला बराच काळ नीटसा नव्हता. १७७१ मध्ये तिला इंग्लंडमध्ये आपली पलटण उभारू द्यावी म्हणून आणलेलं विधेयक कॉमन्सनी हाणून पाडलं. तेव्हा तिची मदार दलालांवर. हे दलाल लंडनमध्ये बेकार, कर्जबाजारी, नव्यानेच गावाहून आलेल्या पोरांना खोल्यांत ठेवायचे, खाण्यापिण्याची उधारी डोक्यावर चढवायचे आणि मग जहाजाकडे न्यायचे. राजाच्या फौजेला माणसं पुरवणारे दलालही याच जातकुळीचे. १७९४ च्या ऑगस्टमध्ये चेअरिंग क्रॉसजवळच्या अशाच एका घरातून पडून जॉर्ज हाउ नावाचा तरुण मेला, तेव्हा लंडनच्या लोकांनी काही दिवस अशी घरं फोडली. राग इतका का, तर या कोंडलेल्या खोल्यांत २४ तासांचा नियम आणि मॅजिस्ट्रेट हे दोन्ही पोचायला उशीर व्हायचा, किंवा पोचायचेच नाहीत.

जानेवारी १७७९ मध्ये खंडाळ्याचा घाट चढून वडगावला आलेल्या कंपनीच्या साधारण ३,९०० च्या फौजेत सहाशेच्या आसपास गोरे होते. मराठ्यांनी ज्यांची रसद तोडली, त्या सहाशेंतले किती जण कुणाच्या उधारीपायी घाटमाथ्यावर पोचले होते, हे त्यांच्या अधिकाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पोरं अंगठे तोडून घेत होती.

या सामान्य शिपायांचं लिहून ठेवलेलं काही मिळतं का?

मिळतं, आणि तेही मॅजिस्ट्रेटच्याच दप्तरात. म्हातारा शिपाई कोणत्या पॅरिशने पोसायचा यावर वाद झाला, की दोन मॅजिस्ट्रेट त्याला समोर बसवून त्याचा जन्मभराचा हिशेब लिहून घेत. जन्म कुठे, पहिली चाकरी कुणाकडे, किती सालांनी सोडली, कोणत्या जत्रेत भरती झाला, लग्न कुठे, मुलं किती. काउंटीच्या दप्तरखान्यांत असे हजारो कागद आहेत. बहुतेक दीड-दोन पानांचे, कारकुनाच्या वळणदार अक्षरातले. त्यांच्या तळाशी डावीकडे दोन सुबक सह्या असतात, आणि उजवीकडे शाई पसरलेली एक वाकडी फुली.